तिसऱ्यांच्या तंतुकणिका आणि सॅफ्रॅनिन: पटलावरील विभव कसे पाहावे

तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, आपल्या आतील पटलातून प्रोटॉन बाहेर टाकतात; त्यामुळे आतली बाजू ऋणभारित होते आणि या साठलेल्या ऊर्जेवर एटीपी (पेशीचे ऊर्जावाहक रसायन) तयार होते, हे पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडले. पटलाच्या दोन बाजूंमधील हे विद्युत विभव साधारणपणे १५० ते १८० मिलिव्होल्ट असते. ते थेट मोजणे अवघड असल्याने धनभारित रंजकाचा आधार घेतात. ऊर्जित तंतुकणिका सॅफ्रॅनिन हा असा रंजक आत ओढून घेतात, आत त्याची दाटी होते आणि त्याची प्रतिदीप्ती (प्रकाश शोषून पुन्हा सोडलेला उजेड) घटते. जेसी-१ या रंजकाचे हिरवे-लाल रंग आकर्षक असले, तरी तो सावकाश स्थिरावतो. वेगळ्या काढलेल्या तंतुकणिकांसाठी सॅफ्रॅनिनच बरा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रत्नागिरीच्या परिसरात यासाठी खाडीतल्या जिवंत तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) उत्तम. बंदरावर बर्फात ठेवलेला बांगडा कितीही ताजा दिसला, तरी मासा मेल्यानंतर त्याच्या तंतुकणिका झपाट्याने निकामी होऊ लागतात. उंदराच्या यकृतासाठी वापरले जाणारे २५० मिलिमोलर सुक्रोजचे द्रावण मात्र येथे जसेच्या तसे घेऊ नये. तिसऱ्यांच्या शरीरातील द्रवाची ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचे एकूण प्रमाण) भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते. समुद्राच्या पाण्यात ती सुमारे १००० मिलिऑस्मोल असते, तर पावसाळ्यात नदीचे पाणी खाडीत उतरले की बरीच खाली येते. म्हणून तिसऱ्या जेथून आणल्या तेथील पाण्याची क्षारता त्याच दिवशी मोजावी आणि सुक्रोजचे प्रमाण तिच्याशी जुळवावे. अन्यथा तंतुकणिका फुगून फुटतील आणि दोष विनाकारण रंजकाला दिला जाईल.

कल्ले बर्फावर बारीक कातरून टेफ्लॉनच्या दांड्याने हलक्या हाताने घोटावेत. मिश्रण सेंट्रिफ्यूजमध्ये १००० जी (गुरुत्वाच्या हजारपट) वर १० मिनिटे फिरवून गाळ टाकून द्यावा, वरचा द्रव सुमारे ९००० जी वर १० मिनिटे फिरवून तळाशी बसलेल्या तंतुकणिका घ्याव्यात, आणि बर्फात ठेवून काही तासांतच वापराव्यात.

क्युव्हेटमध्ये (मापनयंत्रात ठेवायच्या लहान पारदर्शक नळीत) फॉस्फेट व मॅग्नेशियम असलेले माध्यम, ५ मायक्रोमोलर सॅफ्रॅनिन आणि दर मिलिलिटरला सुमारे अर्धा मिलिग्रॅम प्रथिन इतक्या तंतुकणिका घ्याव्यात. उद्दीपन (पाडायचा प्रकाश) ४९५ आणि उत्सर्जन (मोजायचा प्रकाश) ५८६ नॅनोमीटरला ठेवावे. प्रतिदीप्तीची रेषा स्थिर झाल्यावर १ मायक्रोमोलर रोटेनोन (श्वसनसाखळीचा पहिला टप्पा रोखणारे) आणि मग ५ मिलिमोलर सक्सिनेट (तंतुकणिकांचे इंधन) घालावे. रेषा झपाट्याने खाली येऊन सपाट होते. आता थोडे एडीपी (ज्यापासून एटीपी बनते) घातल्यास ती किंचित वर सरकते, कारण एटीपी बनवताना विभव खर्च होते, आणि एडीपी संपले की पुन्हा खाली बसते. ही लहानशी उचल नीट पाहावी, कारण पटल आणि एटीपी सिंथेज (एटीपी बनवणारे विकर) यांची सांगड शाबूत असल्याची ती खूण आहे. यानंतर ऑलिगोमायसिन (एटीपी सिंथेज रोखणारे) घालावे आणि अखेरीस सुमारे १ मायक्रोमोलर एफसीसीपी (पटलातून प्रोटॉन गळू देणारे). त्याने विभव कोसळते व रेषा वर चढते. प्रत्येक क्युव्हेटचे हे शेवटचे टोक नोंदवल्याशिवाय सुरुवातीच्या घटीला काहीच अर्थ नाही, कारण रंजकाचा काही भाग विभव नसतानाही पटलांना चिकटलेला असतो.

एफसीसीपीआधीच रेषा आपोआप वर जाऊ लागली, तर पटल गळते आहे असे ठरवण्यापूर्वी ऑक्सिजन संपला आहे का, ते तपासावे. दाट मिश्रणात तो काही मिनिटांतच संपतो. ढवळणी सुरू ठेवावी किंवा प्रथिन कमी करावे. सॅफ्रॅनिन वाढवून घट मोठी दाखवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण जास्त रंजक स्वतःच श्वसनाला बाधा आणतो.

घट मिलिव्होल्टमध्ये मांडायची असल्यास पोटॅशियमविरहित माध्यमात व्हॅलिनोमायसिन (पोटॅशियमला पटलापार नेणारे) घालून पोटॅशियम क्लोराइड टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि नर्न्स्ट समीकरण लावावे: आतबाहेरच्या पोटॅशियममधील दहापट फरक म्हणजे सुमारे ६० मिलिव्होल्ट. त्यासाठी आतील पोटॅशियमचे प्रमाण लागते, आणि उंदराचा आकडा तिसऱ्यांना लावणे योग्य नाही. ते स्वतंत्रपणे मोजावे.

रोटेनोन व एफसीसीपी विषारी असल्याने हातमोजे घालावेत. ही द्रव्ये काचेलाही चिकटून राहतात, म्हणून प्रत्येक वेळी क्युव्हेट इथेनॉलने अनेकदा व नंतर पाण्याने धुवावी. पुढच्या फेरीत केवळ सक्सिनेटवर रेषा खाली टिकत नसेल, तर क्युव्हेट पुन्हा धुवावी.