क्षारपड रानातील हरळीच्या मुळांमधली बुरशी कशी तपासावी

शिरोळ तालुक्यात उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिल्याने क्षारपड झालेल्या काळ्या रानातही हरळी तग धरते. मात्र तिचा एक पट्टा हिरवागार, तर शेजारचाच पिवळा व खुरटलेला दिसतो. यात मुळांतील बुरशीचा वाटा किती, हे तपासताना खरी काळजी नमुने निवडण्यात घ्यावी लागते. निरोगी हरळी चांगल्या रानातून आणि आजारी हरळी क्षारपड रानातून आणली, तर फरक क्षारांमुळे पडला की बुरशीमुळे, हे उलगडत नाही. म्हणून दोन्ही नमुने एकाच वावरातून एकाच दिवशी घ्यावेत आणि प्रत्येकाच्या मुळालगतच्या मातीची विद्युतवाहकता मोजावी; विरघळलेले क्षार जितके जास्त, तितकी ती जास्त. संपृक्त अर्कात, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या द्रवात, ती 4 डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असल्यास माती क्षारयुक्त मानतात. हरळी उपटू नये, खुरप्याने ढेकळासह काढावी, कारण उपटताना नेमकी हवी असलेली बारीक मुळे तुटून मातीत राहतात.

धुतलेल्या मुळांचे सेंटिमीटरभर तुकडे 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रंगहीन होईपर्यंत गरम करावेत आणि धुऊन, सौम्य आम्लात बुडवून ट्रिपॅन ब्लूने रंगवावेत. हा रंग अपायकारक असल्याने हातमोजे घालावेत. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या आत लहानशा झाडासारखी फांद्या फुटलेली निळी रचना दिसली, तर ती मायकोरायझाची, म्हणजे मुळांना स्फुरद पुरवणाऱ्या सहजीवी बुरशीची खूण होय. ही बुरशी जिवंत मुळांशिवाय पेट्री डिशमध्ये वाढत नाही, त्यामुळे केवळ संवर्धनावर, म्हणजे डिशमध्ये बुरशी वाढवून पाहण्यावर, विसंबणे मला अपुरे वाटते.

इतर बुरशींसाठी तुकडे 70 टक्के अल्कोहोल व सोडियम हायपोक्लोराइटने बाहेरून निर्जंतुक करून बटाटा-डेक्स्ट्रोज अगर या बुरशी वाढवण्याच्या माध्यमावर ठेवावेत. शेवटच्या धुण्याचे पाणीही एका डिशमध्ये पसरावे. तिथे बुरशी उगवल्यास निर्जंतुकीकरण अपुरे झाले असे समजावे.

आजारी मुळांत फ्युजेरियम, म्हणजे रोग घडवू शकणारी एक बुरशी, सापडले म्हणून लगेच त्याला दोषी ठरवू नये. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील खाऱ्या दलदलींत स्पार्टिना गवत मरू लागले, तेव्हा त्यातून फ्युजेरियम पॅलुस्ट्रे ही नवी जात 2011 मध्ये नोंदवली गेली. तरी गवत मरण्यामागे दुष्काळासारख्या ताणांचाही विचार करावा लागला. आपल्याकडेही निर्जंतुक मातीच्या कुंड्यांत हरळी लावून चार गट करावेत: नुसती हरळी, क्षार दिलेली, बुरशी दिलेली आणि दोन्ही दिलेली. लक्षणे दिसल्यावर त्या मुळांतून तीच बुरशी पुन्हा वेगळी करून पाहावी.