यहेज्केलला दिसलेला स्वर्ग : पहिला अध्याय कसा वाचायचा

आमच्या नागपुरात घरगुती बायबल स्टडीत यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय निघाला की गाडी त्याला दिसलेल्या चाकांपाशी अडते, कोणी म्हणतं ही उडती तबकडी आहे, यूट्यूबवर व्हिडिओ आहे, आणि मग तासभर तेच चालून राहतं. मला हा दृष्टांत, म्हणजे देवाने दाखवलेलं हे दर्शन, ज्या पद्धतीने उलगडलं ती सांगतो.

सुरुवातीच्या तीन ओळी सोडू नका. यहूदाच्या यहोयाखीन राजाला बाबेलला (बॅबिलॉनला) धरून नेल्याचं पाचवं वर्ष, म्हणजे इ.स.पू. 593, जागा खबार नदीकाठ, बाबेलचा एक कालवाच तो. यहेज्केल याजकाच्या, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्या पुरोहिताच्या, घरातला. पहिल्या ओळीतलं 'तिसावं वर्ष' म्हणजे त्याचं वय असं बरेच जण मानतात आणि मला ते पटतं, कारण बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 4थ्या अध्यायात सेवेला लागायचं वय तीसच दिलंय. म्हणजे ज्या वर्षी यरुशलेमच्या मंदिरात उभं राहायचं त्या वर्षी हा माणूस शेकडो मैल लांब, परक्या मुलखात बसलाय. हे मनात धरूनच पुढे वाचा.

मग उत्तरेकडून वावटळ येते. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी आभाळ पिवळं पडून टिना वाजायला लागतात ना, तसं काहीतरी डोळ्यासमोर आणा, फक्त त्यात आग आहे. बाबेलची फौज यहूदावर उत्तरेकडूनच चालून यायची, म्हणून त्या लोकांना उत्तर म्हटलं की धडकी भरायची, आणि देव त्याच बाजूने येऊन राहिला.

त्या वावटळीत चार प्राणी दिसतात, प्रत्येकाला चार तोंडं, माणूस, सिंह, बैल आणि गरुड यांची. जुना अर्थ असा की आपापल्या जातीतले हे सगळ्यात मोठे, आणि चौघंही सिंहासनाच्या खाली. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण 4 मध्ये, अशीच तोंडं परत भेटतात.

आता चाकं. घरातल्या दोन बांगड्या घ्या, एकीत दुसरी आडवी घाला, फुलीसारखी. आमच्याकडे मावशींनी आपल्या हातातल्या काढून तसंच केलं आणि सगळे गप्प झाले, कारण असं चाक वळावं लागत नाही, चारही दिशांना सरळच जातं. बायबल पण तेच सांगतं, जाताना ती वळत नसत. आणि त्यांच्या धावा, म्हणजे चाकांच्या कडा, डोळ्यांनी भरलेल्या, म्हणजे देवाच्या नजरेतून कोणती जागा सुटत नाही. सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे की सिंहासनाला चाकं आहेत! देव मंदिरात मागे राहिला आणि आपण इथे एकटे पडलो असं वाटणाऱ्या लोकांकडे तो स्वतः आलाय.

पेन्सिल घेऊन 'सारखे', 'प्रतिमा' असे शब्द जिथे येतील तिथे खूण करा, वर नीलमण्यासारखं सिंहासन येतं तिथे तर ते दाटीने येतात. ते अगदी असंच होतं असं तो ठासून सांगतच नाही, शब्द पुरत नाहीयेत त्याला, म्हणून प्रत्येक वस्तूचा गुपित अर्थ काढत बसू नका. शेवटी तो उपडा पडतो.

तिथेच पुस्तक मिटू नका. 3:15 मध्ये तो बंदिवानांत सात दिवस सुन्न बसून राहतो. 10व्या अध्यायात हीच चाकं परत दिसतात आणि देवाचं तेज मंदिराबाहेर पडतं, तो भाग वाचताना फार जड जातं, म्हणून त्याच बैठकीत 43वा पण वाचा, तिथे ते पूर्वेकडून परत येतं.