आदर्श वजनाचा आकडा किती मनावर घ्यावा?

चवथीच्या नेवऱ्या संपल्या की मिरामारला चालणाऱ्यांची गर्दी वाढते आणि मोबाईलवर ‘आदर्श वजन’ शोधणाऱ्यांचीही. बरेच कॅल्क्युलेटर ज्या डिव्हाइन सूत्रावर चालतात ते 1974 सालचं, आणि तेही औषधाचा डोस ठरवण्यासाठी मांडलेलं. पुरुषाला पाच फुटांपर्यंत 50 किलो, बाईला 45.5, पुढच्या दर इंचाला 2.3 किलो. साडेपाच फुटी पुरुष म्हणजे 63.8 किलो, मग तो फोंड्यात दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा असो की रापण ओढणारा! वय, हाडपेर, स्नायू यांचा हिशेबच नाही.

चरबीची टक्केवारी उंची, मान आणि कंबर (बायकांचे नितंबही) मोजून काढतात, ते अमेरिकन नौदलाचं सूत्र. त्यातल्या त्यात बरं, पण टेपवर सगळं अवलंबून. पुरुषाची उंची 66 इंच, मान 15, कंबर 36 असेल तर उत्तर साधारण 23 टक्के. कंबर 37 धरली की जवळपास 25. शीतकडी जेवून उठल्यावर एवढा फरक सहज पडतो. म्हणून सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. टेप शिंप्याची घ्या, पुरुषांनी बेंबीच्या रेषेत धरा, आणि दर महिन्याला त्याच जागी. एकट्या आकड्यापेक्षा तो कुठे सरकतोय ते बघा.

बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) काढलात तर आपल्याकडे 25 नव्हे, 23 पासूनच जास्त वजन धरतात; परदेशी साइट हे सांगतेच असं नाही. मला विचाराल तर नुसती कंबर पुरे: पुरुषांची 90 सेंटीमीटरच्या वर, बायकांची 80 च्या वर गेली, की डॉक्टरांना दाखवून साखर तपासून घ्या.