सातारा-सांगलीतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मिळणारी मदत: ती कोठे मागावी आणि कशी मिळवावी

सातारा किंवा सांगली जिल्ह्यात पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी असलेली मदत एका खिडकीवर मिळत नाही. शुल्काची सवलत राज्य शासनाच्या महाडीबीटी या संकेतस्थळावरून, वसतिगृह समाजकल्याण कार्यालयाकडून, प्रवासाचा पास एस.टी.च्या आगारातून, दाखले तहसील आणि प्रांत कार्यालयातून, समुपदेशन दूरध्वनीवरून, तर तक्रारीचे निवारण महाविद्यालयाच्या समितीकडून होते. यांपैकी कोणतेही कार्यालय दुसऱ्याची माहिती आपणहून देत नाही. त्यामुळे पात्र असूनही मदतीला मुकणारे विद्यार्थी बहुधा पात्रतेच्या नियमांत अडकलेले नसतात. कामाचा क्रम चुकल्यामुळे ते मागे राहतात. हा क्रम पुढे सविस्तर दिला आहे.

आपले महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी जोडलेले आहे, हे प्रथम पाहावे. या दोन्ही जिल्ह्यांतील बहुसंख्य महाविद्यालये १९६२ साली कोल्हापूर येथे स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत. साताऱ्यात २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ आहे, आणि त्यात शहरातील छत्रपती शिवाजी महाविद्यालयासह रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालये येतात. याशिवाय कराड आणि सांगली येथे अभिमत विद्यापीठांच्या अखत्यारीतील शिक्षणसंस्थाही आहेत. परीक्षेची तक्रार, उत्तरपत्रिकेची छायाप्रत, विद्यापीठाच्या तक्रार लोकपालाकडे करायचे अपील आणि काही शुल्क सवलतींची पात्रता या सर्व गोष्टी याच एका माहितीवर अवलंबून असतात.

दाखले: प्रवेशाच्या आधीचे काम

बारावीचा निकाल लागल्यानंतर सेतू केंद्रावर लागणाऱ्या रांगा टाळायच्या असतील, तर दाखल्यांचे काम एप्रिलमध्ये सुरू करावे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात आणि तो साधारणपणे आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे ३१ मार्चपर्यंत चालतो. म्हणून फेब्रुवारीत काढलेला दाखला जूनच्या प्रवेशाला उपयोगी पडत नाही. शेतकरी कुटुंबात तलाठ्याच्या अहवालावरून आणि नोकरदार कुटुंबात फॉर्म १६ वरून उत्पन्न ठरते. आई आणि वडील दोघेही कमावते असतील, तर दोघांचे उत्पन्न धरले जाते.

सर्वांत जास्त वेळ जात पडताळणीला लागतो. दोन्ही जिल्ह्यांत जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती आहे आणि राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा असल्यास वैधता प्रमाणपत्र लागते. येथे जुन्या तारखेचा पुरावा निर्णायक ठरतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीच्या जातीच्या व वास्तव्याच्या नोंदी मागितल्या जातात. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा हा त्यांतील सर्वांत भरवशाचा पुरावा होय. आजोबा शाळेत गेलेच नसतील, तर त्यांच्या भावंडांची शाळेतील नोंद, गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतील उतारा किंवा जुने महसुली कागद शोधावे लागतात, आणि नाते दाखवण्यासाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. जुनी नोंद मोडी लिपीत असेल, तर जाणकाराकडून तिचे लिप्यंतर करून घ्यावे लागते. चुलत्यांना किंवा सख्ख्या भावंडांना आधीच वैधता मिळालेली असेल, तर त्यांच्या प्रमाणपत्राची प्रत प्रकरणास अवश्य जोडावी. कोणाचे आडनाव किंवा नावातील एखादे अक्षर दोन कागदांवर वेगवेगळे असल्यास समितीने विचारण्याची वाट न पाहता तसे प्रतिज्ञापत्र आधीच द्यावे.

सांगलीकरांना २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर कागदांच्या सुरक्षिततेविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. तरीही एक भेद ध्यानात असावा. संबंधित विभागाकडून थेट डिजिलॉकरमध्ये आलेली कागदपत्रे कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीची मानली जातात, तर आपण छायाचित्र काढून तेथे ठेवलेल्या प्रतीला तो दर्जा मिळत नाही. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये थेट घेता येतात. त्या घेऊन ठेवाव्यात.

बँक खाते

शासनाकडून येणारे पैसे आधार क्रमांकाच्या आधारे जमा होतात. बँकेत आधारची प्रत दिलेली असणे पुरेसे नसते. ते खाते राष्ट्रीय देयक महामंडळाच्या (एनपीसीआय) नोंदीत आधारशी जोडलेले असावे लागते, आणि अनेक खाती असतील तर सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात रक्कम जाते. सध्या कोणते खाते जोडलेले आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. आपल्या भागात घरोघरी पतसंस्थेची पुस्तके असतात, परंतु पतसंस्थेतील खाते या कामी चालत नाही. शाळेत असताना पालकांसह काढलेले अज्ञान मुलाचे खातेही वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर नवी सही आणि ओळखीची कागदपत्रे देऊन बदलून घ्यावे लागते, अन्यथा त्यावरील व्यवहार थांबतात. टपाल खात्याच्या बँकेत हे काम पोस्टात होते, आणि माण, जत किंवा पाटण तालुक्यातील आडगावांच्या विद्यार्थ्यांना तेच सोयीचे पडते.

शुल्क आणि निर्वाह

महाडीबीटीवर अर्ज भरणे हे अर्धेच काम आहे. अर्ज भरल्यावर तो प्रथम महाविद्यालयातील लिपिकाकडे, नंतर प्राचार्यांच्या लॉगिनवर आणि तेथून संबंधित विभागाच्या जिल्हा किंवा विभागीय कार्यालयात जातो. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर तो त्रुटीसाठी परत येऊ शकतो आणि परत आलेला अर्ज विद्यार्थ्याने दुरुस्त करून पुन्हा पाठवला नाही, तर तो तेथेच पडून राहतो. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेत विद्यार्थ्याने सर्वाधिक ओळख ठेवावी अशी व्यक्ती म्हणजे महाविद्यालयाच्या कार्यालयातील शिष्यवृत्तीचे काम पाहणारे लिपिक. प्राचार्यांना भेटूनही जे काम अडून राहते, ते पुष्कळदा या लिपिकांच्या टेबलाशी दोन मिनिटे थांबून सुटते. दर आठवड्याला एकदा आपल्या लॉगिनवर अर्जाची स्थिती पाहावी आणि मोबाईलवर संदेश येईल या भरवशावर राहू नये.

योजनांची निवड प्रवर्ग आणि उत्पन्नावरून होते. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीची कौटुंबिक उत्पन्नमर्यादा २.५ लाख रुपये आहे. खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना मिळते. मुलींच्या बाबतीत ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठा फरक पडला आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्गातील, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश, तसेच अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे या सवलतीच्या बाहेर आहेत. घराजवळचे महाविद्यालय म्हणून व्यवस्थापन कोट्यातून जागा पक्की करणाऱ्या पालकांनी पैसे भरण्यापूर्वी हा फरक नीट समजून घ्यावा, कारण प्रवेश झाल्यानंतर तो दुरुस्त करता येत नाही.

राहण्यासाठी मागासवर्गीय मुलामुलींची शासकीय वसतिगृहे दोन्ही जिल्ह्यांत आहेत. तेथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि इतर मागासवर्ग, विमुक्त व भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. यासाठी वसतिगृहाचा अर्ज आधी करावा; जागा मिळाली नाही याची नोंद हाती असली की निर्वाह रकमेचा अर्ज सोपा जातो. भाड्याच्या खोलीत राहत असल्यास घरमालकाशी लेखी करार करून ठेवावा, कारण स्थानिक रहिवासी नसल्याचा पुरावा मागितला जातो.

कमवा व शिका ही योजना तर या मातीतलीच आहे. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रम करून शिकण्याची पद्धत रुजवली. ग्रंथालय, कार्यालय, प्रयोगशाळा किंवा बाग येथे ठरावीक तास काम करून मानधन मिळते. काही मुले मित्रांसमोर कमीपणा वाटतो म्हणून नाव देत नाहीत, हे पटण्यासारखे नाही. सत्र सुरू होताच विद्यार्थी विकास विभागाकडे अर्ज द्यावा, कारण जागा थोड्या असतात. प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक पाहून तास निवडावेत.

प्रवासाबद्दल थोडक्यात. महाविद्यालयाचे बोनाफाईड प्रमाणपत्र दाखवून एस.टी.चा मासिक विद्यार्थी पास सुमारे एक तृतीयांश भाड्यात मिळतो. रेल्वेची सवलत मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते: घर ते महाविद्यालय या प्रवासासाठी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत द्वितीय श्रेणीचा मासिक पास विनामूल्य मिळतो. किर्लोस्करवाडी, भिलवडी किंवा कराडहून सांगली-मिरजेला येणाऱ्या मुलींनी तो स्थानकावर अवश्य मागावा.

मन आणि आरोग्य

परीक्षेचा ताण, घरची आठवण, झोप न लागणे किंवा जगणे नकोसे वाटणे अशा कोणत्याही वेळी १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. ही राष्ट्रीय सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून मराठीतही उपलब्ध आहे. लहान शहरात ‘डॉक्टरांकडे गेल्याचे कोणीतरी पाहील’ ही भीती खरी असते. अशा वेळी खोलीत बसून दूरध्वनी करणे ही चांगली सुरुवात ठरते. प्रत्यक्ष उपचारांसाठी साताऱ्यातील क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहेत. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे. एखादा मित्र जिवाला धोका होईल असे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि ११२ वर संपर्क साधावा.

दिव्यांग विद्यार्थ्यांनी युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, प्रवेशाच्या वेळीच कार्यालयात द्यावे. लेखनिक आणि प्रत्येक तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ यांची मागणी परीक्षेच्या आदल्या दिवशी केली तर धावपळ होते. ही मागणी परीक्षा अर्जाबरोबरच नोंदवावी.

तक्रार करताना

तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही. अर्ज दोन प्रतींत लिहावा, एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. कार्यालयाने शिक्का देण्याचे टाळल्यास तोच अर्ज ईमेलने किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवावा. प्रवेश, शुल्क परतावा, मूळ कागद अडवून ठेवणे, निकाल किंवा शिष्यवृत्तीतील दिरंगाई यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावा, अशी तरतूद आहे. निर्णय मान्य नसल्यास पुढील १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते.

रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक चोवीस तास चालू असतो. लैंगिक छळाची तक्रार महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे घटनेपासून ३ महिन्यांच्या आत लेखी द्यावी. लिहिणे शक्य नसेल तर समितीच्या सदस्यांनी लिहून घेण्यास मदत करणे अपेक्षित आहे. संदेश, छायाचित्रे आणि कॉलच्या नोंदी पुसून टाकू नयेत. वकिलाची गरज भासल्यास जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे.

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एवढे पाहावे की शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता अनेकदा निकालानंतर जमा होतो. तोपर्यंत खाते बंद करू नये आणि मोबाईल क्रमांक बदलू नये. पुण्याला नोकरी लागल्यावर पगारासाठी नवे खाते उघडले जाते आणि तेथे आधार जोडला गेला, तर हप्ता त्या खात्यात जातो. म्हणून पैसे आले नाहीत असा अर्ज समाजकल्याण कार्यालयाकडे करण्यापूर्वी नव्या खात्याचा तपशील तपासावा.