खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील शेवाळ : या चुका टाळा

घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पहिल्या वर्षात कधी ना कधी शेवाळाला तोंड द्यावे लागते. माझ्या मते मात्र शेवाळाने होणाऱ्या नुकसानापेक्षा त्याच्यावर घाईघाईने केलेल्या उपायांनी होणारे नुकसान मोठे असते. काचेवर, खडकावर आणि वाळूवर दिसणारे तपकिरी, हिरवे किंवा लालसर थर हे अगदी निरनिराळ्या जीवांचे असतात, आणि त्यांपैकी एकाला उपाशी मारणारा उपाय दुसऱ्याला मोकळे रान करून देतो.

ओळख पटण्यापूर्वी उपाय सुरू करणे

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर पसरणारी कोरडी दिसणारी तपकिरी भुकटी बहुधा डायटम या सूक्ष्म एकपेशीय शेवाळाची असते. डायटमना कवच बांधण्यासाठी सिलिकेट लागते, आणि पाण्यातले सिलिकेट संपत आले की त्यांचा थर आपोआप ओसरतो. येथे काहीही न करणे हाच योग्य उपाय आहे, पण नेमके याच टप्प्यावर दुकानातून शेवाळनाशकाची पहिली बाटली आणली जाते.

लालसर किंवा जांभळट, मऊ चादरीसारखा पसरणारा आणि नळीने ओढला की सलग निघून येणारा थर सायनोबॅक्टेरियाचा असतो. हे शेवाळ नसून जिवाणू आहेत, त्यामुळे शेवाळ खाणारे मासे आणि गोगलगाई त्याला सहसा तोंड लावत नाहीत. पाण्याचा प्रवाह मंद असलेल्या आणि गाळ साचलेल्या कोपऱ्यांत तो आधी दिसतो.

सर्वांत फसवा प्रकार डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म एकपेशीय जीवांचा आहे. तपकिरी, शेंबडासारखा तार धरणारा आणि बुडबुडे अडकलेला हा थर रात्री विरळ होतो आणि दिवे लागल्यावर दुपारपर्यंत पुन्हा दाट होतो. त्याच सुमारास गोगलगाई मरू लागल्या असतील, तर संशय अधिक बळावतो, कारण यांतील काही जाती विषारी असतात. घरगुती चाचणी सोपी आहे : थोडा थर टाकीच्या पाण्यासह छोट्या बाटलीत घेऊन जोरात हलवावा, टिश्यू पेपरमधून गाळावा आणि गाळलेले पाणी तासभर उजेडात ठेवावे. पाण्यात पुन्हा तंतू जमून आले, तर ते डायनोफ्लॅजेलेट समजावेत. शाळकरी मुलांचा साधा सूक्ष्मदर्शक हाताशी असेल, तर निदान आणखी पक्के होते.

चाचणीतील शून्यावर विश्वास ठेवणे

खडकांवर बोटभर लांबीचे हिरवे केसाळ शेवाळ डोलत असते आणि नायट्रेट-फॉस्फेटच्या चाचण्या मात्र शून्य दाखवतात, तेव्हा चाचणी संच खराब असल्याचा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात संच बरोबर असू शकतो. पाण्यात मिसळणारे पोषक द्रव्य शेवाळ तत्काळ शोषून घेत असते, त्यामुळे चाचणीला केवळ उरलेसुरले सापडते. शिवाय कॅल्शियम कार्बोनेटचे खडक फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातले प्रमाण घटले की ते हळूहळू सोडत राहतात. म्हणूनच जुन्या टाकीतून विकत घेतलेले खडक असतील, तर पाणी बदलूनही शेवाळ कित्येक महिने हटत नाही. अशा वेळी खडक बादलीत काढून हाताने आणि ब्रशने शेवाळ खरवडणे, त्याच बादलीत धुणे आणि ते पाणी फेकून देणे हा कंटाळवाणा उपाय सर्वांत खात्रीचा आहे, कारण उपटलेल्या प्रत्येक मुठीबरोबर त्यात साठलेले फॉस्फेटही टाकीबाहेर जाते. टाकीच्या आतच खरवडून तुकडे पाण्यात मोकळे सोडले, तर ही सगळी मेहनत वाया जाते.

हेच तत्त्व उलट्या बाजूनेही वापरता येते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील वॉल्टर ॲडी यांनी प्रवाळांच्या टाक्या शेवाळाच्या साहाय्यानेच स्वच्छ ठेवून दाखवल्या. आपल्याला हव्या त्या ठिकाणी शेवाळ वाढवायचे आणि ते नियमितपणे कापून काढायचे, ही त्यामागची कल्पना आहे. सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या गाळणीच्या टाकीत, वेगळ्या दिव्याखाली कीटोमॉर्फा हे तंतुमय हिरवे शेवाळ वाढवण्याची पद्धत याच विचारावर उभी आहे.

पाणी ‘अति स्वच्छ’ करणे

केसाळ शेवाळाला कंटाळलेला माणूस फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त माध्यम दुप्पट भरतो, खाद्य जवळजवळ बंद करतो आणि महिन्याभरात दोन्ही पोषके खरोखरच शून्यावर आणतो. शेवाळ जाते, प्रवाळ फिके पडतात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट पसरतात. त्यांचा प्रादुर्भाव नेमका पोषकांचा खडखडाट झालेल्या टाक्यांतच अधिक दिसतो, कारण तेथे त्यांच्याशी जागेसाठी झगडणारे इतर जीव दुबळे झालेले असतात. अशा टाकीत आणखी पाणी बदलणे म्हणजे दुखणे वाढवणे होय. त्याऐवजी फॉस्फेट-शोषक काढून टाकावा, खाद्य वाढवावे आणि गरज पडल्यास नायट्रेट व फॉस्फेट मोजून घालावे. प्रवाळांच्या घरगुती टाकीसाठी नायट्रेट दर लिटरमागे ५ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम ही पातळी साधारणपणे मानवते. रात्री पाण्यात तरंगणाऱ्या डायनोफ्लॅजेलेटच्या जातींवर यूव्ही (अतिनील किरणांच्या) दिव्याचा चांगला उपयोग होतो, पण वाळूतच राहणाऱ्या जातींवर तो फारसा होत नाही.

पाण्याच्या उगमाकडे दुर्लक्ष

आपल्याकडे स्वयंपाकघरातील आरओ यंत्राचे पाणी शुद्ध समजून मत्स्यालयात वापरले जाते. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून यांतील अनेक यंत्रे थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे पुन्हा मिसळतात, त्यामुळे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) मीटरवर ५० किंवा त्याहून अधिक आकडा सहज दिसतो. मत्स्यालयासाठी आरओच्या पुढे डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या मण्यांचा, टप्पा हवा आणि मीटरवर शून्य यायला हवे. एवढ्यावरही निर्धास्त राहू नये : रेझिन संपत आले की सिलिकेट सर्वांत आधी निसटते, आणि ते साध्या मीटरला जवळजवळ कळत नाही. स्थिरावलेल्या टाकीत अचानक डायटम परतले, तर आधी रेझिन बदलून पाहावे.

बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याची भरपाईही याच गोड्या पाण्याने करावी. मीठ टाकीतच राहत असल्याने खारे पाणी ओतले, तर क्षारता चढत जाते.

मुंबईत समुद्राचे पाणी कॅनमध्ये भरून आणण्याचा मोहही अनेकांना होतो. वरळी आणि वांद्रे येथील वाहिन्यांमधून शहराचे सांडपाणी समुद्रात जाते, आणि पावसाळ्यात किनाऱ्याजवळच्या पाण्याची क्षारता घसरते, हे लक्षात घेतले तर मिठाची पिशवी महाग वाटणार नाही. किनाऱ्यावरून प्रवाळखडक उचलून आणणे तर कायद्यानेही गुन्हा आहे, कारण कठीण प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये संरक्षित आहेत.

दिवे, खाद्य आणि सफाई करणारे जीव

दिवे आठ ते दहा तास पुरेसे आहेत, आणि खिडकीतून येणारे थेट ऊन टाळावे. गोठवलेले खाद्य वितळवून गाळून द्यावे. वेव्हमेकरच्या (टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाच्या) जाळीवर मीठ आणि घाण बसून प्रवाह नकळत मंदावतो, म्हणून तो वरचेवर स्वच्छ करावा.

गोगलगाई आणि संन्यासी खेकडे एकदम डझनांनी आणणे मात्र चुकीचे आहे. लांब वाढलेल्या केसांना बहुतेक गोगलगाई तोंड लावत नाहीत, कारण त्या कोवळी, नुकती उगवलेली वाढ खरवडतात. म्हणून आधी हाताने सफाई करावी आणि नंतर टर्बो किंवा ट्रोकस गोगलगाई थोड्या संख्येने सोडाव्यात. शेवाळ संपल्यावर उपाशी मेलेल्या पन्नास गोगलगाई कुजून तेच पोषक पाण्यात परत सोडतात. सर्जनफिश चांगले शेवाळ खातो, पण शंभर लिटरच्या टाकीत त्याला कोंडणे हा अन्याय आहे.

औषधांचा आंधळा वापर

सायनोबॅक्टेरियावर एरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक प्रभावी ठरते, परंतु मेलेला थर कुजताना ऑक्सिजन झपाट्याने घटतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. ते वापरायचेच असेल, तर आधी थर नळीने जमेल तेवढा ओढून काढावा आणि हवा वाढवावी. गाळ आणि मंद प्रवाह तसेच ठेवले, तर तो थर परत येतो. म्हणून प्रतिजैविकाकडे अगदी शेवटी वळावे, कारण ते अखेर गटारातच जाते.

नेच्याच्या पानासारखी पिसे असलेले शेवाळ ब्रायॉप्सिस असते, आणि ते पोषके घटवूनही हटत नाही. त्यावर बुरशीविरोधी फ्लुकोनाझोल दर लिटरला सुमारे ५ मिलिग्रॅम या प्रमाणात वापरले जाते. २०० लिटर निव्वळ पाण्यासाठी हे १५० मिलिग्रॅमच्या जवळपास सात गोळ्यांइतके होते. हे औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नये. वापरताना गाळणीतील कार्बन काढावा, यूव्ही दिवा बंद ठेवावा आणि दोन-तीन आठवडे धीर धरावा. हायड्रोजन पेरॉक्साइड खडक पाण्याबाहेर काढून शेवाळावर थेंबाथेंबाने टाकता येते, पण परदेशी सल्ले ३ टक्क्यांच्या द्रावणाचे असतात आणि आपल्या औषधांच्या दुकानांत बहुधा २० व्हॉल्यूमचे, म्हणजे सुमारे ६ टक्क्यांचे द्रावण मिळते.

एक उपाय मात्र कधीही करू नये : शेवाळ मारण्यासाठी खडक उकळणे. खडकावर झोअँथस किंवा पॅलिथोआ हे प्रवाळांसारखे मऊ जीव असतील, तर त्यांच्यातील पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेबरोबर घरभर पसरू शकते, आणि यामुळे संपूर्ण कुटुंबांना रुग्णालयात दाखल करावे लागल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

ब्रायॉप्सिस किंवा काचेच्या हिरव्या मण्यांसारखे व्हॅलोनिया बहुतेकदा नव्या प्रवाळाच्या तुकड्याबरोबर येते. म्हणून तुकडा ज्या चकतीवर चिकटवलेला आहे ती भिंगाखाली पाहावी, शक्य असल्यास तोडून टाकावी आणि प्रवाळ नव्या चकतीवर चिकटवून काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. व्हॅलोनियाचा एखादा मणी टाकीत आढळलाच, तर न फोडता मुळाशी नखाने उचकटून बाहेर काढावा.