चैत्रगौरीच्या हळदीकुंकवासाठी मंडईतली खरेदी

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची खरेदी करण्यासाठी पुण्याच्या महात्मा फुले मंडईत सकाळी लवकर जावे, कारण ऊन चढू लागले की पालेभाजी आणि मोगऱ्याचे गजरे दोन्ही कोमेजतात. १८८६ मध्ये उघडलेली ही अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत घाईत ओलांडू नये, थोडे थांबून पाहावी.

खरा वेळ कैरीला द्यावा. पन्हे आणि आंबेडाळ यांसाठी गावठी आंबट कैरीच हवी. तोतापुरी दिसायला देखणी असली, तरी तिचा आंबटपणा कमी पडतो. कैरी दाबून पाहावी, ती कडक लागली पाहिजे. देठाशी चीक ताजा असेल, तर ती नुकतीच उतरवलेली आहे असे समजावे. विक्रेत्या मावशींना एक कैरी चिरून दाखवायला सांगण्यात संकोच करू नये. आतला गर पिवळसर दिसला, तर ती पाडाला लागलेली असते आणि डाळीत गोड लागते.

हरभऱ्याची डाळ, गूळ व वेलदोडे कोणत्याही वाण्याकडे मिळतात. गौरीसाठी पितळी पाळणा हवा असल्यास तुळशीबागेत जावे. तेथे चार दुकाने फिरून, हातात वजन तोलूनच भाव ठरवावा.