नवीन जागेत घोडं बुजतंय? ओढू नका, आधी अंतर बघा

3 वर्षांचं घोडं, तबेल्यात एकदम गुणी, खरारा करून घेतंय, पाय उचलून देतंय, आणि फाटकाबाहेर दहा पावलं नेलं की मान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या, कोपऱ्यात पडलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे बघून असं फुरफुरतंय की जणू तिथे वाघच बसलाय. मग आपण काय करतो, तर दोर आवळतो आणि "अरे चल, काही नाहीये तिथे" म्हणत ओढायला लागतो. चुकतं ते इथेच. एवढ्या मोठ्या जनावराशी रस्सीखेच करून तुम्ही जिंकणार नाही, आणि समजा जिंकलात तरी त्याच्या डोक्यात एवढंच बसतं की नवीन जागा म्हणजे पिशवी पण आणि वरून माणसाची ओढाताण पण.

आधी त्याला दिसतं कसं ते समजून घ्या. डोळे दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला आजूबाजूचं जवळपास 350 अंश दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी पुढचं आणि शेपटीमागचं नाही. शिवाय उजेडातून अंधारात गेलं की त्याच्या डोळ्यांना सवय व्हायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून घोडं नेायच्या गाडीच्या, म्हणजे ट्रेलरच्या, किंवा अंधाऱ्या शेडच्या दारात ते अडून बसतं आणि आपल्याला वाटतं हट्ट करतंय. दारात थोडा वेळ नुसतं उभं राहू द्या. दोर सैल ठेवा, कारण नीट बघायला त्याला डोकं वरखाली करावं लागतं.

आता मेन गोष्ट, अंतर. भीतीच्या वस्तूपासून एक अंतर असं असतं की घोड्याने ती बघितलेली असते, कान तिकडे रोखलेले असतात, पण अधूनमधून एक कान तुमच्याकडे वळतो आणि दिलेलं गवत ते चावून खातं. त्या अंतराच्या पुढे दोन पावलं गेलात की घास तोंडात तसाच राहतो, शेपूट दाबली जाते, डोळ्यातलं पांढरं दिसायला लागतं, कधी लीद पण टाकतं. त्या दोन पावलांच्या अलीकडे थांबायचं. मान खाली येईपर्यंत, मोठा सुस्कारा सोडेपर्यंत थांबायचं, आणि मग पुढे न जाता मागे फिरायचं! थोडं चालवून परत यायचं, बहुतेक वेळा या खेपेला ते स्वतःच एखादं पाऊल जास्त टाकतं.

"असं परत नेलं तर लाडावेल ना?" हे सगळे विचारतात. लाडावत नाही, फक्त मागे कधी फिरायचं ते तुम्ही ठरवायचं, ते शांत असताना. आधीच बिथरून गर्रकन फिरलं असेल तर एका जागी जखडून धरू नका, छोटा गोल घेऊन चालवा, जिथे श्वास खाली बसेल तिथपर्यंत लांब न्या, तिथे उभं करा, घरी जायचं ते त्यानंतर. आणि मानेवर धपाधपा थोपटण्यापेक्षा मान संपून पाठ सुरू होते तिथे बोटांनी खाजवा, घोडी एकमेकांना तिथेच खाजवतात आणि त्याने हृदयाचे ठोके खरंच कमी होतात.

हलणाऱ्या वस्तूसाठी माझी आवडती युक्ती म्हणजे कोणालातरी ती वस्तू घेऊन घोड्यापासून लांब चालत जायला सांगायचं आणि आपण घोडं घेऊन मागून जायचं. छत्री असो, सायकल असो, ताडपत्री असो, अंगावर येणारी वस्तू भीतीची आणि पळून जाणारी वस्तू गमतीची, त्यामुळे थोड्या वेळात नाक पुढे करून हुंगायला बघतं.

पहिल्या काही फेऱ्यांना एखादं वयस्कर, थंड डोक्याचं घोडं सोबत न्या. आधी ते पुढे, मग दोघं शेजारी, मग आपलं पुढे, आणि शेवटी एकटं. फेरी 10-15 मिनिटांची बास. जाताना निमूट ओलांडलेला दगड येताना दुसऱ्या बाजूने दिसला की परत बुजतं, तेव्हा चिडू नका, त्याच्यासाठी तो वेगळाच दगड आहे.

सेफ्टीचं पटकन सांगतो: हेल्मेट, बूट, हातमोजे, 3-4 मीटरचा दोर, आणि दोर हाताला कधीच गुंडाळायचा नाही, उधळलं तर बोटं जातात. उभं राहायचं खांद्याजवळ बाजूला, समोर नाही, कारण बुजलेलं घोडं तुमच्या अंगावरूनच उडी मारेल. पहिल्या फेऱ्या गाड्यांच्या रस्त्यावर नकोतच.

आणि आतापर्यंत व्यवस्थित असलेलं घोडं अचानक सगळ्यालाच बुजायला लागलं तर ट्रेनिंग बाजूला ठेवून आधी व्हेटला बोलवा, डोळे, दात, पाठ तपासून घ्या. दिवसभर कोंडून ठेवून भरपूर दाणा चारत असाल तर मोकळं सोडायचा वेळ वाढवा आणि दाण्याबद्दल पण त्याच व्हेटला विचारा.